गेटवरच्या निळ्या बाटल्या

"तो काही करत नाही हो," हे वाक्य कुत्रा पाळणाऱ्यांना दुकानातून पट्ट्यासोबत फुकट मिळतं, असं माझं ठाम मत आहे. गंगापूर रोडला आमच्या शेजारच्या काकांचा टायगर म्हणजे वासराएवढं धूड. काका त्याला तोंडाला जाळी न बांधता फिरवायचे आणि आम्ही भिंतीला चिकटून उभे!

शेवटी अर्ज लिहून, गल्लीच्या सह्या घेऊन मी त्यांच्याकडे गेले. बघते तर गेटबाहेर निळ्या पाण्याच्या बाटल्यांची रांग. भटकी कुत्री फिरकू नयेत म्हणून आपण ठेवतो ना, त्याच.

"काका, घरात एवढा वाघ असताना या कशाला?"

काका हळूच म्हणाले, "कोपऱ्यावरची ती लाली कुत्री येते ना, तिला हा फार घाबरतो. पलंगाखालून निघतच नाही."

"अहो, घाबरलेलं कुत्रंच आधी चावतं! उद्यापासून जाळी बांधा."

"बांधतो," काका नरमाईने म्हणाले.

निघताना मी 'कुत्र्यापासून सावध राहा' या पाटीकडे बोट दाखवलं. "मग ही कोणासाठी?"

"आधी लालीसाठीच लावली होती. पण तिला कुठे वाचता येतं? म्हणून मग बाटल्या."