कातळगडावरचा बारावा आरोप

मंडळी, ऐका. आज देवाच्या दारात एक अवघड प्रश्न घेऊन उभा आहे. न्याय करायला आलेला पंचच एका बाजूला झुकलेला असेल, तर आपण केलेलं पाप धुऊन निघतं का? — लगेच मान हलवू नका! आधी गोष्ट ऐका, मग हलवा.

कातळगड नावाचं छोटं राज्य होतं. नदीच्या पलीकडे वेळणे, दुसरं राज्य. नदी ओलांडायचा उतार कुणाचा, यावरून दोघांत झुंज झाली आणि वेळण्याचे वीस नावाडी कातळगडच्या बंदिखान्यात पडले. तिथला हवालदार निंबाजी. माणूस सरळ, पण त्या झुंजीत त्याचा पाठचा भाऊ गेला होता.

वेळण्यानं ओरड केली, आमच्या माणसांचे हाल चाललेत! मग आसपासच्या सात राज्यांच्या सभेनं तीन पंच पाठवले. मुख्य पंच भास्करपंत. सभेनं ठपका ठेवला, तर कातळगडला मीठ येतं तो घाट बंद. आता सांगा, मिठावाचून राज्य किती दिवस चालेल? अहो, आमटीत चिमूटभर कमी पडलं तर आपण घर डोक्यावर घेतो!

गडाची एक रीत होती. वर जाणाऱ्यानं शस्त्र पायथ्याच्या देवडीवर ठेवायचं — मग तो राजाचा जावई का असेना! भास्करपंतांच्या कलमदानात बोरू तासायचा इवलासा चाकू निघाला. पहारेकरी म्हणाला, खाली ठेवा. पंत म्हणाले, यानं बोरू तासतात, माणसं नाही. पहारेकरी म्हणाला, पातं आहे ना, मग ठेवा. झालं! हे आम्हाला लिहूच देत नाहीत, म्हणत पंत रागानं माघारी फिरले, होडीत बसले, आणि उतरले कुठं? — थेट वेळण्याच्या छावणीत! आठ दिवस तिथंच जेवण, तिथंच साक्षी. नवऱ्याच्या आत्याला मुलीकडच्या स्वयंपाकाची परीक्षा करायला बसवल्यासारखं! बारा आरोप लिहून झाले. गडाची एक पायरी चढलेली नाही.

कातळगडात संताप उसळला. गडाचा कारभारी मात्र खूश. त्यानं निंबाजीला बोलावून कागद वाचून दाखवला. नावाड्यांच्या सोळा होड्या जाळल्या — होड्या तर काठाला बांधलेल्या! कैद्यांना डागण्या दिल्या — एकाच्याही अंगावर डाग नाही. असं करत करत अकरा झाले. मग बारावा आला. भर वैशाखात कैद्यांना दोन दिवस पाणी दिलं नाही.

निंबाजीची नजर जमिनीला लागली. कारभारी काय ते समजला.

"हे बघ निंबाजी," तो हळूच म्हणाला, "अकरा खोटे पाडायचे. बारावा त्यांच्यासंगं आपोआप बुडतो. तू फक्त गप्प बसायचं."

मंडळी, बारावा खरा होता. भावाला अग्नी देऊन निंबाजी गडावर आला आणि कैद्यांकडे निघालेला पाण्याचा हंडा त्यानं आपल्या हातानं मागं फिरवला. कोठडीच्या गजांतून खाली नदी दिसत होती, आणि आत माणसांच्या जिभा सुकत होत्या! धर्मा नावाचा म्हातारा नावाडी बेशुद्ध पडला, तेव्हा कुठं हा शुद्धीवर आला. धर्मा वाचला. पण निंबाजी त्या कोठडीवरून जायचं टाळू लागला.

सभा भरली. निंबाजीनं एकेक आरोप सोलून दाखवला. सभेची माणसं काठावर जाऊन आली — सोळाच्या सोळा होड्या जागेवर! साती राज्यांचे लोक पंतांकडे बघून हसायला लागले. पंतांचं तोंड उतरलं. अकरा पडले. कारभाऱ्यानं खूण केली, बस आता.

काय करावं त्यानं? तुम्ही काय केलं असतं? — राहू द्या, सांगू नका, शेजारी घरची माणसं बसली आहेत!

निंबाजी बसला नाही.

"बारावा खरा आहे," तो म्हणाला. "पाणी मी अडवलं. पंतांनी एकाच काठाचं ऐकलं, ही त्यांची चूक. पण तहानलेली माणसं काही पंतांनी रचली नव्हती. ती माझ्या कोठडीत होती."

कारभाऱ्यानं कपाळाला हात लावला, घाट गेला! आणि भास्करपंत उठले.

"मी रागाच्या भरात नदी उतरलो," ते म्हणाले. "त्या दिवशी गड चढलो असतो, तर ते अकरा लिहिले नसते. आणि बाराव्यासाठी या माणसाला एकट्यानं उभं राहावं लागलं नसतं."

सभेनं निवाडा दिला. आपला दोष आपण सांगणाऱ्याचं मीठ तोडायचं नाही. घाट उघडा राहील. नावाडी सुटतील. निंबाजीची हवालदारी जाईल. आणि यापुढं कुठलीही चौकशी दोन्ही काठांवर बसूनच होईल.

हवालदारी गेली, म्हणून निंबाजी रडला असेल? अहो, उरावरची धोंड उतरली त्याच्या! गड उतरून तो काठावर गेला. नावाडी घरी निघाले होते. त्यानं धर्मापुढं पाण्याचा तांब्या धरला. म्हाताऱ्यानं तांब्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. अर्धा प्यायला, अर्धा परत दिला.

"पी तूही," धर्मा म्हणाला. "तुझाही घसा सुकलेला दिसतो, हवालदारा."

निंबाजी प्यायला. घटाघटा प्यायला.

मंडळी, आपल्या घरावर, गावावर, देशावर कुणी बोट रोखलं आणि तो पंच वाकडा असला, तर सांगा त्याला — पुराव्यानिशी सांगा, भिऊ नका. पण तो वाकडा निघाला म्हणून आपण सरळ ठरत नाही! आज घरी जाताना आपापला बारावा आरोप आठवा. कुणी विचारायच्या आधी तो ज्याचा त्याला सांगून टाका. मग बघा, उद्या भजनाला बसाल तेव्हा आवाज कसा मोकळा लागतो तो. घ्या टाळ हातात!