गुंजनचा आवाज बंद असताना

मारोतराव : बोलू काय मी? का गुंजन ऐकून राहिली?

शोभाताई : बोला बिनधास्त. ऑफिसच्या मीटिंगात आहे ती. ते पाहा, माईकवर रेघ आहे. रेघ असली की आवाज बंद.

मारोतराव : बंद म्हणजे तिचा का आपला?

शोभाताई : बंद म्हणजे बंद. दार लावलं की दोन्हीकडून लागते ना.

मारोतराव : हे बी मजेदार हाय. पोरगी हॉलंडात, फोन तुह्या तिखटाच्या डब्याले टेकवलेला, अन् बोलत कोणीच नाही.

शोभाताई : बोलायले नाही बसत आम्ही. ती तिचं काम करते, मी माझं. मान वर केली की दिसते. तुम्ही हात धुवा, वाढते मी.

मारोतराव : धुतो. पण बुधवारचं काय ते सांग पहिले. व्हिसाच्या ऑफिसात बोटांचे ठसे द्यायले मुंबईले जा लागते. दोन दिवस झाले, मी विचारून राहिलो, तिकीट काढू का नको, अन् तू काही बोलतच नाही.

शोभाताई : भाजीत मीठ बरोबर आहे?

मारोतराव : भाजी अजून ताटात नाही आली.

शोभाताई : थांबा, डिंक जळन माझा.

मारोतराव : मे महिन्यात डिंक तळणारी अख्ख्या नागपुरात तूच असशीन. पोरीच्या बाळंतपणाचे लाडू तयार, दुपटी तयार. नेणारीच तयार दिसत नाही मले.

शोभाताई : मले नाही जायचं.

मारोतराव : आँ?

शोभाताई : मले तिथं नाही जायचं, अजी. बाळंतपण मलेच करायचं आहे. पण तिथं जायचं नाही.

मारोतराव : हे दोन्ही कसं जमन, बाप्पा?

शोभाताई : नाही जमत. म्हणून तर बोलत नव्हती.

मारोतराव : मागच्या टायमाले तर खुश होती तू. फोटो केवढे पाठवले. ते पवनचक्की, ते फुलं.

शोभाताई : ते फोटो शनिवार-रविवारचे. सोमवारी दोघंही ऑफिसात जायचे. मग मी अन् खिडकी. इथं मी स्कूटी काढते, गांधीबागेत कापडाच्या दुकानावर बसते, अस्तरवाल्याशी भांडते. तिथं मी पार्सल. कोणी नेलं तर गेली, कोणी आणलं तर आली.

मारोतराव : मग निघाचं होतं बाहेर. कोणी बांधून ठेवलं होतं?

शोभाताई : निघाली होती ना एक दिवस. कोथिंबीर आणायले. परत येताना घर सापडेना. सगळी घरं एकासारखी एक, विटांची. फोन घरातच राहिला होता. एका बाईनं थांबून काहीतरी विचारलं, तर माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. इंग्रजी पण नाही अन् मराठी पण नाही.

मारोतराव : मग?

शोभाताई : मग काय. बाकावर बसून राहिली. संध्याकाळी जवाईबापू सायकलवरून येताना दिसले. त्याईले म्हटलं, हवा खायले बसली होती.

मारोतराव : तितल्या थंडीत?

शोभाताई : त्याईनं पण हेच विचारलं.

मारोतराव : अन् गुंजनले?

शोभाताई : तिले काय सांगू? सुट्टी टाकून घरी बसली असती. अन् आता तर दवाखान्याचं काम. कोणी मले काही विचारलं अन् मी खांबासारखी उभी राहिली तर? पोरीले आधार द्यायले गेलेली बाई पोरीच्याच गळ्यात पडायची.

मारोतराव : मलेही नाही सांगितलं तू.

शोभाताई : तुम्ही म्हटलं असतं, पाह्य, मी म्हणत होतो ना.

मारोतराव : म्हटलं असतं.

(शोभाताई ताट वाढते.)

गुंजन : आई.

मारोतराव : आला आवाज. झाली काय बेटा मीटिंग?

गुंजन : चालू आहे अजून. मी फोन घेऊन बाहेर आले.

शोभाताई : आत्ताच उघडला ना तू आवाज? आत्ताच ना?

गुंजन : आई, त्या रेघेनं माझा आवाज तुमच्याकडे यायचा थांबतो. तुमचा मला येतोच. नेहमी येतो.

मारोतराव : नेहमी म्हणजे कधीपासून?

गुंजन : दिवाळीनंतर मी अशी फोन लावून बसायला लागले ना, तेव्हापासून.

मारोतराव : म्हणजे मी जवाईबापूच्या दाढीबद्दल बोललो, ते?

गुंजन : ऐकलं. त्याला सांगितलं पण. त्यानं कापली.

मारोतराव : तेच म्हटलं, माणूस एकदम साफसुथरा कसा झाला.

शोभाताई : तू सांगितलं काहून नाही आम्हाले?

गुंजन : सांगितलं असतं तर तुम्ही नीट बसून बोलला असता. सगळं मस्त आहे, तू कशी आहेस, जेवलीस का. बाबांचं बीपी वाढलंय हे मला कोणी सांगितलं होतं? तू फोडणी देताना बाबांना रागावलीस, तेव्हा कळलं. मी इथे बसून तुमची भांडणं ऐकते, कुकरच्या शिट्ट्या ऐकते, आणि काम करते. बरं वाटतं मला.

शोभाताई : हे बरोबर नाही केलं, गुंजन.

गुंजन : नाही केलं. माहितीये मला. आणि तू कोथिंबिरीचं लपवलंस, ते?

शोभाताई : ते वेगळं.

गुंजन : येऊ नकोस तू. खरंच सांगते. इथे बाळ झालं की काही दिवस नर्स घरी येते, सगळं शिकवते. जमेल आम्हाला.

शोभाताई : तुझा आवाज असा घुमून काहून राहिला?

गुंजन : जिन्यात आहे मी.

शोभाताई : जिन्यात उभी राहून रडून राहिली?

गुंजन : थोडी.

मारोतराव : मी काय म्हणतो—

शोभाताई : तुम्ही जेवा. गुंजन, खाली बस पहिले. पायरीवर. बसली?

गुंजन : बसले.

शोभाताई : ती नर्स शेक देते काय?

गुंजन : नाही.

शोभाताई : बाळाच्या टाळूवर तेल?

गुंजन : नाव नोंदवताना मी विचारलं होतं. नुसती हसली.

शोभाताई : हसली. बरं. मले जायचं नाही म्हटलं होतं मी. येणार नाही असं कुठं म्हटलं?

मारोतराव : मी येऊ काय संगं?

शोभाताई : तुम्ही? लग्नसराईत दुकान सोडून?

मारोतराव : रुपराव हाय ना दुकानात, तो पाह्यन. हरवलो तर दोघं हरवू. बाकावर एकापेक्षा दोघं बरे.

गुंजन : बाबा, तुम्हाला विमानाची भीती वाटते.

मारोतराव : हे कधी म्हटलं मी?

गुंजन : रुपरावकाकांना सांगत होतात. पाडव्याला, श्रीखंड चाटत.

मारोतराव : या फोनवर फडकं टाकत जा वं तू.

शोभाताई : राहू द्या, तुमचं बीपी तिथं कोण मोजन. मी एकटीच जाते. काढा मुंबईचं तिकीट. पण गुंजन, तू मले आधी शिकव. तू ऑफिसात असताना मी एकटी दुकानात गेली पाहिजे, अन् एकटी घरी आली पाहिजे. बाळ झाल्यावर तुले वेळ नाही मिळायचा.

गुंजन : नकाशा पाठवते तुला.

शोभाताई : नकाशा नको. तोंडानं सांग. रोज थोडं थोडं.

गुंजन : आत्ता सुरू करू?

शोभाताई : अन् मीटिंग?

गुंजन : तिथेही रेघ लावूनच आलेय.

शोभाताई : थांब, गॅस बंद करते. हं. समज, तुमच्या दारात उभी आहे मी.

गुंजन : किल्ली घेतलीस?

शोभाताई : घेतली.

गुंजन : फोन?

शोभाताई : घेतला, बाई.

गुंजन : आमचं दार निळं आहे, ते एकदा वळून बघून घे. मग डावीकडे. चौथ्या घराच्या खिडकीत एक पांढरी मांजर बसलेली असते.

मारोतराव : अन् उठून गेली तर?

शोभाताई : अजी, मध्ये बोलू नका. पुढं?

गुंजन : पुढे सायकलींचा लाल रस्ता लागतो. त्यावरून चालायचं नाही. दोन्हीकडे बघून ओलांडायचा. पलीकडे शाळा, शाळेच्या मागे—

शोभाताई : हळू सांग, बेटा. मी चालून राहिली.