भुपेंद्र पटले याच्या सोयरिकीबाबत

नाव: श्रीमती हेमलता चंद्रकुमार टेंभरे, वय ६७ वर्षे, व्यवसाय: बौद्धिक दिव्यांग मुलांच्या निवासी शाळेतून वसतिगृह अधीक्षिका म्हणून सेवानिवृत्त, सध्या घरी जाऊन रुग्ण सांभाळण्याचे काम, राहणार गोंदिया.

मी पोलीस ठाण्यात स्वतःहून आले आणि समक्ष सांगते की, मी तक्रार द्यायला आले तेव्हा माझ्याच विरुद्ध इंद्रकुमार दुलीचंद पटले, रा. कामठा, यांचा अर्ज येथे आधीच आलेला होता. मी त्यांच्या भावाचे लग्न मोडले, पाहुण्यांसमोर शिव्या देऊन घराण्याची बदनामी केली आणि भावाला इशारे करून हवे ते वदवून घेतले, असे त्यात लिहिले आहे. म्हणून हा जबाब त्या अर्जाला उत्तर म्हणून घेत आहेत. माझी तक्रारही यातच लिहावी. हवालदार साहेबांनी मला आवाज कमी करायला सांगितले. माझे शिक्षण जबलपूरला कॉन्व्हेंटमध्ये झाले. तिथल्या सिस्टरही हेच सांगत. त्यांनाही यश आले नाही.

अर्जदाराचा धाकटा भाऊ भुपेंद्र, वय ३१, याला जन्मापासून बौद्धिक अपंगत्व आहे आणि मिरगी येते. वडील वारले. घरात आई देवकाबाई, इंद्रकुमार आणि भुपेंद्र एवढेच राहतात. इंद्रकुमार यांची पत्नी माहेरी निघून गेली, त्याचे कारण त्यांनाच विचारावे. मी काही वर्षांपासून रविवार सोडून रोज सकाळी भुपेंद्रला सांभाळायला कामठ्याला जाते. त्याला मिरगीची गोळी सकाळ-संध्याकाळ वेळेवर द्यावी लागते. चुकली तर झटका येतो. झोपेची गोळी वेगळी आहे. ती डॉक्टरांनी फक्त फार अस्वस्थ असेल तेव्हाच अर्धी द्यायला सांगितली आहे.

भुपेंद्र स्वतः आंघोळ करतो, गाईंना चारा घालतो, शेंगा सोलतो. चार माणसे जमली की मात्र त्याचे शब्द बंद होतात. म्हणून मी त्याला शाळेतली पद्धत शिकवली. विचारायचे ते सोप्या शब्दांत विचारायचे आणि दोन्ही हात त्याच्यापुढे धरायचे. उघडा तळहात म्हणजे हो, बंद मूठ म्हणजे नको. ज्याला तो हात लावेल ते त्याचे उत्तर. निळा सदरा की पिवळा, भात की पोळी, फिरायला जायचे की नाही, हे सगळे तो असेच सांगतो. यालाच अर्जात इशारे म्हटले आहे. गावातल्या कोणालाही विचारावे, त्याने माझ्या मनाविरुद्ध कितीदा मुठीला हात लावला आहे.

उन्हाळ्यात माझ्या गुडघ्यांचे दुखणे वाढले. मी देवकाबाईंना सांगितले की, दिवाळीनंतर माझ्याने होणार नाही, एखादा शिकलेला पुरुष काळजीवाहक शोधा, तो रुळेपर्यंत मी थांबते. त्यावर त्या म्हणाल्या, "परका माणूस घरात कायले, बाई? त्याची बायकोच आणून टाकतो ना. घरची बहू घरचं करते. अन् लगन झालं का पोरगा सुधरते."

मी म्हणाले, "देवकाबाई, लग्न म्हणजे औषध नाही. आणि ती मुलगी म्हणजे आया नाही."

त्या म्हणाल्या, "तुमाले लेकरू नाई, तुमाले काय समजते!"

हेही त्यांचेच शब्द आहेत. जबाबात लिहायचे म्हणून लिहावे.

या रविवारी मला सुट्टी होती. सकाळी इंद्रकुमार यांचा फोन आला की, घरी सत्यनारायण आहे, भुपेंद्र गडबड करून राहिला, या. मी अकराच्या सुमारास पोहोचले. पूजा कुठेही मांडलेली नव्हती. ओसरीवर भुपेंद्रला नवा कुर्ता घालून खुर्चीत बसवले होते. त्याची मान पुढे पडत होती, तोंडातून लाळ गळत होती, मला पाहून त्याने नेहमीसारखे "टीचर" म्हटले नाही. मी विचारल्यावर देवकाबाईंनी सांगितले, "शांत बसावा म्हणून चहात गोळ्या टाकल्या ना दोन. झोपेच्याच हायेत, जहर नाई."

मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता याला डॉक्टरांकडे न्या. इंद्रकुमार म्हणाले, "पाहुणे येऊन राहिले, मॅडम. मुलीकडचे हायेत, घर पाहाले. तुम्ही आत्या म्हणून त्याच्याजवळ बसा, काही इचारलं तं सांगा. एवढं निपटू द्या, मंग न्या कुठं न्यायचं तिकडं." मी गाडी बोलवायला फोन काढला, तेवढ्यात पाहुण्यांची जीप फाटकात शिरली.

चोरखमारा गावचे बकाराम रहांगडाले, त्यांची मुलगी आचल आणि आणखी दोन नातेवाईक आले. बकाराम म्हणाले, "पोरगी ऐकेच ना. फोटोवर भरवसा नाई म्हणे. घेऊन आलो मंग." सगळे हसले. मग ते भुपेंद्रकडे वळून म्हणाले, "जावईबापू, जागे हाये ना?" भुपेंद्रने मान वर करण्याचा प्रयत्न केला. इंद्रकुमार म्हणाले, "लाजते तो." त्यावर बकाराम म्हणाले, "आमच्या वेळी पोरी लाजत, आता पोरं लाजून राहिले!"

त्यांना सांगण्यात आले होते की मुलगा शांत आहे, घरची धानाची शेती आहे, मुलाला कसलेही व्यसन नाही. यातले एकही वाक्य खोटे नाही. म्हणूनच मला ते जास्त घाणेरडे वाटते.

देवकाबाईंनी माझी ओळख आत्या म्हणून करून दिली. तेव्हा मी उभी राहिले आणि आचलला म्हणाले, "पोरी, मी याची आत्या नाही. मी याला सांभाळायला येते. याला बौद्धिक अपंगत्व आहे, मिरगी आहे, आणि आत्ता याला झोपेच्या गोळ्या पाजून इथे बसवले आहे. मी काम सोडणार आहे. माझ्या जागी हे तुला आणून राहिले." अर्जात म्हटले आहे तशा शिव्या मी दिलेल्या नाहीत. मला शिव्या द्यायच्या असत्या तर अर्ज यापेक्षा लांब झाला असता.

इंद्रकुमार ओरडले, "ही बाई सटकली हाये!" बकाराम त्यांना म्हणाले, "भाऊ, पोराच्या तोंडून लाळ गळून राहिली, अन् सटकली ही बाई?" मग ते डोक्याला हात लावून पायरीवर बसले.

आचल मात्र उठली नाही. ती मला म्हणाली, "बाई, मले तं कोणी नाई इचारलं, ते जाऊ द्या. त्याले तरी इचारलं काय?"

विचारले नव्हते. त्याच्या आईने नाही, भावाने नाही. मी भुपेंद्रसमोर खाली बसले, त्याचे तोंड पुसले, आणि विचारले, "भुपेंद्र, ही आचल. ही आता इथे तुझ्याजवळ राहायला येणार म्हणतात. तुला पाहिजे का?" दोन्ही हात पुढे धरले. त्याचा हात जड झाला होता, उचलताना एकदा मांडीवर पडला. पुन्हा उचलून त्याने माझ्या मुठीवर ठेवला. हे आचलने, तिच्या वडिलांनी आणि सोबतच्या दोघांनी पाहिले. त्यांचे जबाब घ्यावेत.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाने लग्न करू नये असे माझे म्हणणे नाही. माझ्या शाळेतल्या मुलांची लग्ने मी लावली आहेत, उघड्या डोळ्यांनी आणि दोघांना विचारून. पटल्यांना सून नको होती. रजा न मागणारी, सोडून न जाणारी बाई हवी होती.

पाहुणे गेल्यावर इंद्रकुमार यांनी मला दंड धरून फाटकाबाहेर ढकलले. माझ्या उजव्या कोपराला खरचटले आहे. ते नोंदवले नाही तरी चालेल. पुढचे नोंदवावे.

काल सोमवारी आणि आज सकाळी मी नेहमीप्रमाणे कामठ्याला गेले. दोन्ही दिवस फाटकाला आतून कुलूप होते. आज मागच्या बाजूला गेले तेव्हा धानाची पोती ठेवण्याच्या खोलीतून ताटली आपटल्याचा आवाज येत होता. त्या खोलीला एकच दार आहे आणि खिडकी नाही. मी "भुपेंद्र" म्हणून हाक मारली. आवाज थांबला, आणि मग जोरात सुरू झाला. देवकाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "आता तुमची गरज नाई, बाई. त्याले शांत ठेवाची दवाई आमाले भेटली." मी मिरगीच्या गोळीबद्दल तीनदा विचारले. ती गोळी माझ्याच पिशवीत आहे. औषधे मी आणते, आणि जुन्या गोळ्या रविवारपर्यंतच पुरणार होत्या. म्हणजे काल सकाळपासून त्याला मिरगीची एकही गोळी मिळालेली नाही, झोपेच्या मात्र मिळत आहेत.

हे सांगितल्यावर हवालदार साहेब म्हणाले, "मॅडम, हा घरचा मामला आहे, आई-भाऊ आहेत, ते काय वाईट करतील?" हे वाक्य मी येथे लिहायला लावले आहे. बंद खोलीत त्याला झटका आला तर ते वाक्य कोणाचे होते हे कळावे म्हणून. कोणते कलम लागते ते मला विचारू नये. ते शोधण्याचा पगार मला मिळत नाही.

माझी मागणी एवढीच की, डॉक्टरांना सोबत घेऊन आत्ता कामठ्याला जावे आणि ती खोली उघडावी. अर्जाची चौकशी त्यानंतर सावकाश करावी, मी कुठे पळून जात नाही, गुडघे तसे नाहीत.

वर लिहिलेला मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितले तेच त्यात उतरले आहे, कमी नाही, जास्त नाही. मी सही केली आहे आणि गोळ्यांची पिशवी घेऊन दारात उभी आहे. हवालदार साहेब अजून खुर्चीत बसलेले आहेत.

सही/-
हेमलता चंद्रकुमार टेंभरे