डोकं छाटलेला बेस

...आणि वर मलाच विचारतात, "ह्या गिटारच्या दोन तारा तुटल्या का हो?" अहो, तुटल्या नाहीत! बेस गिटार आहे, बेसला चारच असतात! जाड असतात, लांब असतात, पण चार! कार्यक्रम संपला की लोक येतात, आमच्या गाणाऱ्याशी हात मिळवतात... तो मूळचा दातांचा डॉक्टर, तोंड उघडायची सवयच आहे त्याला... ड्रम बडवणाऱ्या माझ्या मेहुण्याची पाठ थोपटतात, आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "तुम्हीपण वाजवत होता का?" परके राहू द्या, सख्खी बायको पहिल्या रांगेत बसून म्हणते, "आज तुमचं काही ऐकू आलं नाही." आज! म्हणजे काल आलं होतं? पण जाऊ दे. बेस कुणाला ऐकू येतो हो?

बरं, ऐकू येत नाही म्हणून गप्प बसावं ना? नाही! नाद! नवा बेस घेतला, घरी आणल्याबरोबर तारा बदलल्या. मग पिकअप बदलले, मग ब्रिज, मग बटणं, मग बटणांचा रंग आवडेना म्हणून पुन्हा बटणं. ही म्हणाली, "ह्यात मूळचं काय राहिलंय?" पट्टा राहिला होता. तोही बदलला. आणि एवढं करून आवाजात फरक किती? तुम्हाला सांगतो... जरा हळू बोलतो... मलासुद्धा कळला नाही.

फक्त एक दुखणं राहिलं होतं. बेसचं डोकं. डोकं म्हणजे वरचं टोक, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात. ते माझ्या बेसला भलतंच जड. जरा हात सोडला की मान टाकलीच त्याने! ते सावरता सावरता माझा डावा खांदा कामातून गेला. म्हणून गेलो सर्जनकडे. सर्जन म्हणजे जिन्याखालच्या गाळ्यातला गिटार दुरुस्तीवाला, आम्हीच ठेवलंय नाव. निळा एप्रन घालतो, डोळ्याला भिंग लावतो, आणि तुमच्या गिटारला "पेशंट" म्हणतो. त्याने बेस दोन बोटांवर तोलला, च्च च्च केलं, आणि म्हणतो कसा, "डोकं काढून टाकू!"

"अरे, मग तारा पिळायच्या कुठे?"

"खाली, बुडाशी! हल्ली बिनडोकीच चालतात, साहेब!"

आणि मी हो म्हटलं! माझं तरी कुठे होतं जागेवर? करवत घेतली, उडवलं, आणि तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात. "राहू द्या आठवण." काय हलका झाला बेस, काय सांगू! आमचा गाणारा डॉक्टर म्हणाला, "वजन उतरलं वाटतं तुझं!" माझं! बेसबद्दल चकार शब्द नाही. कोण बोलणार? बेस कुणाला ऐकू येतो हो?

आता बाबांचं सांगतो. खरं तर आधी तेच सांगायला हवं होतं, पण टाळत होतो... माझे वडील जन्मभर पंपघरात होते. पंपावर पंजा ठेवून सांगायचे, "बेअरिंग जाणार आहे." आणि जायचं! पण त्या घरघरीने कान गेले, आणि आता म्हातारपणी डोळेही गेल्यातच जमा. कान होते तेव्हा माझा बेस ऐकून ओरडायचे, "बंद कर ती धुमधुम!" घरी स्पीकर लावायला शेजाऱ्यांची बंदी, आणि स्पीकरशिवाय बेस म्हणजे त्याच्यापेक्षा माशी बरी. म्हणून आम्ही बेसवाले एक युक्ती करतो. बेसचं डोकं कपाटाला नाहीतर पलंगाला टेकवायचं, की सगळं लाकूड घुमायला लागतं. मी टेकवायचो बाबांच्या पलंगाच्या उशाच्या फळीला. एका संध्याकाळी बाबांचा हात सहज मागे गेला, फळीवर पडला... आणि तिथेच राहिला. म्हणाले, "चालू आहे. बेअरिंग चांगलं आहे."

तेव्हापासून मी ऑफिसातून आलो, खुर्ची ओढली, की बाबांचा पंजा फळीवर हजर. आहे ना गंमत? बेस कुणाला ऐकू येतो, तर एका माणसाला. तोही ठार बहिरा!

आणि मी त्या बेसचंच डोकं छाटून आणलं. आलं का ध्यानात? खुर्ची ओढली, बाबांचा पंजा फळीवर, मी सवयीने टोक टेकवायला गेलो... टोकच नाही! आहे काय तिथे, तर पितळी पट्टी, स्क्रू आणि तारांचे शेंडे. तेच टेकवलं, तर नुसती खरखर. बाबांनी हात उचलला, डोळ्यांजवळ नेला, उलटा केला, सुलटा केला. म्हणाले, "हातही गेला रे माझा. थरथरतोय नुसता." रडले नाहीत, काही नाही. एक मशीन बंद झालं, एवढंच. हात घेतला पांघरुणात.

सांगू कसं? कानात ओरडलो, पाटीवर हे मोठं अक्षर काढलं... शेवटी ते छाटलेलं डोकंच हातात दिलं. चाचपून म्हणतात, "खुंटी चांगली आहे. भिंतीला ठोक, टॉवेल राहील." ढसाढसा रडलो हो मी. तेही त्यांना ऐकू आलं नाही.

सर्जन म्हणाला, "परत चिकटवतो, पण तारांची ओढ सोसायचं नाही. पेशंट गेला समजा." मग दुकानात गेलो, म्हटलं, सगळ्यात जड डोक्याचा बेस द्या. दुकानदार माझ्याच डोक्याकडे बघत राहिला. आणला. टेकवला. वाजवला, पलंग दणाणला! पण बाबांचा हात पांघरुणात. मी ओढून फळीवर ठेवावा, त्यांनी काढून घ्यावा. "सोड. मेलाय तो."

आता आली का पंचाईत? हात धरायचा तर वाजवू कसा? मला हात दोनच! मग डाव्या हाताने त्यांचा पंजा फळीवर दाबून धरला, आणि उजव्याने सगळ्यात जाड तार, मोकळीच, छेडत बसलो. धुम... धुम... धुम... हात ओढत होते, ते थांबले. बोटं सैल झाली. मग म्हणाले, "चालू आहे..."

माझा जीव कुठे जरा भांड्यात पडतोय, तेवढ्यात त्यांच्या कपाळाला आठी! "इतकी वर्षं शिकतोस, आणि एकच सूर?"

रोज तेवढंच वाजवतो हो. हात सोडला की तो पांघरुणात जातो, काय करणार? खांदा पुन्हा गेलाय, बाबा पुन्हा ओरडतात. बेस कुणाला ऐकू येतो हो? ज्या एकाला येतो, त्याला आवडत नाही.