कोलामीत नसलेलं वाक्य

आमच्या त्या सरायची अक्कल ऐका. एकाच यादीतली वाक्यं दहा भाषांत विचारायची अन् प्रत्येकाची रचना कॉम्प्युटरात मांडायची, हे त्यायचं संशोधन. मी सोबतीले दुभाषी.

कापसाचा भाव मातीत गेलता, त्या साली. वणीकडं कोलाम आदिवासीयच्या पोडावर, म्हणजे त्यायच्या वस्तीवर, एका आजीले विचारलं, "'व्यापाऱ्यानं आमाले चांगला भाव देल्ला', हे कोलामीत कसं म्हणता?"

आजी म्हणे, "असं आमच्यात कोणीच म्हणत नाही."

सरानं लगेच टाइप केलं: कोलामीत अशी रचनाच नाही!

तेवढ्यात आजीनं सुनेले कोलामीत आवाज देल्ला. मी म्हटलं, "सर, ते विचारून राह्यली, पाहुण्यायले कोणी चहा देल्ला का? हेच त ते, कोणी कोणाले काही देणं!"

"हे वाक्य आपल्या यादीत नाही," सर म्हणे, अन् सुनेनं आणलेला चहा फुर्रकन ओढला.