सहनशीलतेवरचा दुसरा लेख

बेर्गनच्या धक्क्यावर, बेटाकडे जाणाऱ्या बोटीच्या रांगेत माझ्यापुढे साठी उलटलेलं एक जोडपं होतं. बाईंच्या हातात फोन, कपाळावर आठी.

“टोर्गाइर, आमच्या बौद्ध मंडळाच्या वेबसाइटला आज संध्याकाळपर्यंत लेख द्यायचाय. सहनशीलतेवर. आणि मला काही सुचत नाही.”

“पहिला कसा सुचला होता, सॉल्फ्रिद?”

“तेव्हा तू होतास.”

“आताही आहे की.”

“आता तू भांडी घासतोस, ओले मोजे उचलतोस. महिनाभर मला एकदाही राग गिळावा लागला नाही. लिहू कशावर?”

“तो लेख वाचूनच सुधारलो ना मी. खाली प्रतिक्रियेत ट्रॉनहाइमच्या कुणी बाईंनी लिहिलं होतं, ‘असा नवरा असला की वेगळी साधना नको.’”

“चांगल्या मनानं लिहिलं होतं त्यांनी.”

“म्हणून तर लागलं.”

“पण मी शब्द दिलाय रे. मंडळी वाट बघताहेत.”

“शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर लिही.”

“तो गुणी आहे.”

“बरं, बोट आली. बेटावरच्या घराची किल्ली हाताशी ठेव.”

“किल्ली तू घेणार होतास.”

“मी?”

“तूच म्हणालास, यापुढे सगळं मी बघतो.”

“मग ती घरी, स्वयंपाकघरात खिळ्याला आहे.”

बाईंनी एक लांब श्वास घेतला, सावकाश सोडला, पुन्हा घेतला.

“खरं सांग, माझ्या लेखासाठी मुद्दाम विसरलास?”

“नाही गं. एवढा दानशूर मी अजून झालो नाही.”