पाय टेकला की शिटी

—नाही, हा पण गेला म्हणून समज. चालण्यावरूनच कळतं मला. बघ, कॉलर वर, डोळ्यांवर गॉगल, गाडीवर बसलाय की फोटो काढायला बसलाय — बघ, झुकला — झुकला — टेकला पाय! वाजली शिटी. मी म्हटलं नव्हतं? आता उतरून ब्रेककडे बघेल. बघितलंस? सगळे उतरल्यावर ब्रेककडेच बघतात, जसा काही ब्रेकनेच पाय टेकला. सरक जरा तिकडे, माझी पिशवी मावू दे बाकावर. तुझा नंबर कितवा? बाविसावा? मग आहे अजून वेळ. आणि ते हेल्मेट मांडीवर एवढं आवळून धरू नकोस, पळून नाही जात ते. तुला तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या मुलीएवढी आहेस. मग झालं तर.

पहिल्यांदाच आलीस का? वाटलंच. मग मी सांगते सगळं, त्या खिडकीतल्या बाईला विचारायला जाऊ नकोस, ती फॉर्मातून मान वर काढत नाही. तो आठ दिसतोय ना रंगवलेला — दोन गोल एकमेकांना चिकटवलेले, कडेने त्या लाल टोप्या — त्याच्यावरून दोन फेऱ्या मारायच्या. पाय जमिनीला लागता कामा नये. लागला, की तो खुर्चीतला साहेब शिटी वाजवणार आणि तू घरी. आणि पास झालीस तर? तर काही नाही! फेऱ्या संपल्या, गाडी बंद केली, साहेब कागदावर खरडतो, संपलं. पहिल्या खेपेला मला काय माहीत — एक बाई उतरून आली, मी म्हटलं, जाऊ दे हो, मनाला लावून घेऊ नका, पुढच्या वेळी जमेल. तर ती पास झालेली! मला कसं कळणार? चुकलं की शिटी आणि बरोबर आलं की मुखस्तंभ, ही कुठली पद्धत? माणसाने चांगलं केलं तर 'हं, छान' म्हणायला ह्याच्या बापाचं काय जातं? पण नाही. हा नुसता टपून बसलेला, कधी चुकतोय म्हणून.

मी? छे गं! मी कशाला टेस्ट देतेय, मला साधी सायकल येत नाही. ते बघ, पलीकडे रांगेत — निळा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, डोक्यावर आत्तापासूनच हेल्मेट. गाडी हातात नाही, नंबर यायचाय, पण हेल्मेट घालून उभे! ते आमचे. एकोणिसावा नंबर, म्हणजे एक सोडून पुढचा. चौथी खेप आहे ही. पहिल्या खेपेला पाय टेकला, दुसऱ्या खेपेला पाय टेकला, तिसऱ्या खेपेला — नाही, तिसऱ्या खेपेला दोन्ही टेकले. गाडी शिंप्याची, आमच्या खालच्या मजल्यावरच्या. तो बिचारा दर वेळी देतो आणि दर वेळी ती परत नेताना ह्यांचं तोंड बघण्यासारखं असतं. चोरी करून आणल्यासारखे जिन्यात उभे राहतात.

तुला सांगते, अठ्ठावीस वर्षं लिफ्टमन होते हे. आठ मजल्यांची इमारत, तिच्यात एक लिफ्ट, लिफ्टमध्ये एक स्टूल आणि स्टुलावर हे. वर आणि खाली, वर आणि खाली. अठ्ठावीस वर्षांत माणसाने एक वळण घेतलं नाही! आणि आता हे आठ काढणार. हस, हस, मी पण हसते. मग तिथे नवी लिफ्ट आली, लोक आपापली बटणं दाबायला लागले, ह्यांना एक घड्याळ दिलं आणि सांगितलं, या आता. दुसरा कोणी असता तर भांडला असता. ह्यांनी काय केलं? ह्यांनी ते स्टूल मागितलं! डोक्यावर घेऊन आले घरी, सगळी गल्ली बघतेय. मी म्हटलं, अहो, लिफ्टच आणायचीत की सोबत.

ते स्टूल आता स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. अकरा महिने झाले. त्याच्यावर बसतात आणि मी आतबाहेर करायला लागले की उठून दार उघडतात. हो, दार उघडतात! मी आत गेले की लावतात. मी सांगून थकले, अहो, मला हात आहेत. एक दिवस हातात पातेलं घेऊन आले तर दार धरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कितवा?" — म्हणजे कितवा मजला! आणि मग कळलं त्यांचं त्यांनाच. मी हसले, चांगली खो खो हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले थोडा वेळ. जाऊ दे. ते कशाला सांगतेय मी तुला.

नोकरी आहे गं, म्हणून तर हा सगळा खटाटोप. नाहीतर ह्या वयात गाडीची हौस कोणाला? लिफ्ट दुरुस्त करणारी कंपनी आहे, त्यांचा मिस्त्री ह्यांना ओळखतो. वर्षानुवर्षं यायचा ना त्या इमारतीत. दोराच्या आवाजावरून ह्यांना कळतं कुठे काय घासतंय — हे मी नाही, तो मिस्त्री म्हणतो. मी काय म्हणणार, घरातला पंखा करकरतोय तो ऐकू येत नाही ह्यांना. तर काम ते, सगळीकडे फिरायचं, इमारती तपासायच्या, खांद्याला हत्यारांची पिशवी. त्याला गाडी पाहिजे आणि गाडीला लायसन पाहिजे. उद्या सकाळी पास झाल्याचा कागद दाखवला तर जागा ह्यांची, नाहीतर दुसरा माणूस उभाच आहे. तीनदा थांबले ते लोक. आता नाही थांबणार. आणि नाही मिळाली ना ही जागा, तर हा माणूस त्या स्टुलावरून उठायचा नाही, सांगून ठेवते. मला भीती वाटते त्या स्टुलाची. खरंच वाटते.

वाजली का शिटी? सतरावा गेला वाटतं. जाऊ दे, तो जांभया देत होता.

आणि येत नाही असं नाही हं! तीच तर गंमत आहे. गोदामामागे मोकळी जागा आहे, तिथे मी रोज सकाळी बादल्या पालथ्या घालून आठ करून द्यायचे. सहा बादल्या, शेजारपाजारच्या धरून. मी मध्ये उभी — डावीकडे घ्या, आता उजवीकडे, अहो उजवीकडे, उजवा हात कोणता ते तरी माहीत आहे का — ओरडून ओरडून घसा बसला माझा. जमेना. मग एकदा मला ताप आला, चार दिवस मी गेलेच नाही, तर शिंपी येऊन सांगतो, वहिनी, भाऊंनी आज अकरा फेऱ्या मारल्या, पाय टेकला नाही! मी म्हटलं, काहीही सांगू नका, माझ्यासमोर तर एक होत नाही. पाचव्या दिवशी गेले बघायला. मधोमध आले — ते दोन गोल चिकटतात ना, तिथे — माझ्याकडे बघितलं आणि टेकला पाय. मी म्हटलंच, शिंपी भला माणूस आहे, मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल.

ही बघायची सवय मात्र फार वाईट ह्यांची. लिफ्टमध्ये लागली. आत कोणी आलं की आधी त्याच्या तोंडाकडे बघायचं, त्याने मजला सांगितला की मग बटण दाबायचं. तोंड बघितल्याशिवाय काही हलवायचं नाही! घरीही तेच. डॉक्टर विचारतात, कुठे दुखतंय? हे माझ्याकडे बघणार. दुकानात शर्टाचं कापड हातात धरून माझ्याकडे बघणार. भिंतीत खिळा ठोकायचा, हातोडी उगारलेली, आणि मान माझ्याकडे! मग अंगठ्यावर बसेल नाहीतर काय होईल? आणि मी तरी काय करणार, चुकलेलं दिसतं मला. खिळा वाकडा दिसला की वाकडा म्हणणार. मी तोंडाने बोलत पण नाही प्रत्येक वेळी. मुलगी म्हणते, आई, तुला बोलावं लागतच नाही, तू ओठ असे दुमडतेस ना, तेवढ्यावरच बाबांच्या हातातलं खाली पडतं. काहीतरी बोलायचं! माझे ओठ माझे आहेत, दुमडेन नाहीतर सरळ ठेवेन.

काय म्हणालीस? नेहमी इथेच बसते का मी? हो, ह्याच बाकावर. दर वेळी साडेसातला येऊन जागा धरते. इथून सगळं समोर दिसतं, ते गोल चिकटतात तो मधला चौक तर अगदी नाकासमोर. का? असं काय विचारतेस? माणूस एकटा उभा असतो तिथे. आपलं कोणी समोर असलं म्हणजे जरा धीर — धीर वाटतो माणसाला.

मागे? मागे भिंत आहे. वाचलंय मी ते, एवढ्या मोठ्या अक्षरात रंगवलंय, न वाचायला काय झालं. 'नजर जिथे, गाडी तिथे.' पहिल्या खेपेपासून वाचतेय. मला वाटलं असतात अशा सूचना, थुंकू नका, रांगेत उभे राहा, तसंच. तुला काय म्हणायचंय? स्पष्ट बोल ना! म्हणजे मी समोर बसते म्हणून — ए, कालची मुलगी तू, तुला कोणी सांगितलं हे? एकतीस वर्षं संसार केलाय मी ह्या माणसाबरोबर. माझ्यामुळे काय? मी रोज बादल्या मांडल्या. पहाटे उठून मांडल्या.

अकरा फेऱ्या.

तापात होते मी तेव्हा. चार दिवस.

थांब. अठरावा उतरला. आणली बघ शिंप्याची गाडी. बसले. आता बघ काय करतात — बघितलंस? हेल्मेटात मान दिसत नाही तरी कळतं मला, शोधतायत. हे काय, सापडले मी. आता बघत राहतील, जसा काही मी मजला सांगणार आहे. अहो, पुढे बघा! पुढे — देवा, माझे ओठ. दुमडलेत का गं? खरं सांग. आत्ता दुमडलेत का?

सरक. सरक म्हणते ना, मला वळू दे. पाय अडकला बाकात — अशी. आता भिंतीकडे तोंड करून बसते मी. बसू दे. तू मात्र समोरच बघ, आणि त्यांनी इकडे बघितलं तर तू खाली बघ, हेल्मेटाशी चाळा कर, काहीही कर. आणि मला काही सांगू नकोस. एक अक्षर बोलू नकोस.

निघाली. हा पहिला गिअर. शिंप्याच्या गाडीचा आवाज झोपेतही ओळखेन मी, खोकल्यासारखा करते आधी. हा डावा गोल. सावकाश घ्या, सावकाश — मी मनात म्हणतेय, त्यांना थोडंच ऐकू जातंय. रंग पण काय फासलाय भिंतीला, 'तिथे'वर नसता अनुस्वार काढलाय कोणीतरी. आला, चौक आला. इथेच. इथेच तीनदा — मी दिसले नाही तर घाबरतील का गं ते? पाठ दिसेल फक्त. रागावले असं वाटेल. उठून गेले असं तर नाही ना वाटणार? बोलू नकोस!

नाही वाजली.

उजव्या गोलात गेली. गाडी एकसारखी चाललीये, ऐक. ह्या आवाजात काही घासत नाहीये कुठे. मला वाटलं तो दोराचा आवाज वगैरे मिस्त्री उगाच सांगतो, पण कळतं तसं, कान दिला की कळतं. मी कधी दिला नाही. त्या साहेबाला शिव्या घालते मी मघापासून, बरोबर आलं की मुखस्तंभ म्हणून, आणि घरी काय वेगळं — आली, आली, परत चौक. दुसरी फेरी. हात दे जरा इकडे. तुझा पण गार पडलाय की. शेवटचा गोल आहे. अठ्ठावीस वर्षं त्या लिफ्टमध्ये कोणाला एक धक्का बसू दिला नाही ह्या माणसाने, माहीत आहे? एक नाही. मी कधी कोणाला सांगितलं नाही, तुला सांगतेय.

बंद केली. गाडी बंद केली का? मग शिटी? थांब, तो उशिरा वाजवतो कधीकधी, मुद्दाम, मी बघितलंय त्याला. थांब.

नाही.

नाही वाजली ना? वाजली नाही!

येतायत का इकडे? चालत? बघू नकोस गं असं त्यांच्याकडे, सहज बस. थांब, मला नीट वळू दे, डोळ्यांत काहीतरी गेलंय, ह्या मैदानात धूळ काय थोडी आहे. आणि हे बघ, मी पाठ केली होती ते कशासाठी, हे त्यांना सांगायचं नाही हं. अजिबात नाही. जा, तू रांगेत जाऊन उभी राहा बघू, इथे त्यांना बसू दे. जा म्हणते ना, बाविसावा येईलच आता.

अहो, हे काय, घामाने किती — आणि ते हेल्मेट उलटं धरलंय, आतलं सगळं —

नाही. काही नाही. बसा.